सूर कळत होते, आवडत नव्हते

गंधार जरा उतरला तर मला तेव्हाही कळत होतं. शेजारच्या मंगल कार्यालयात सनई लागली की तिची पट्टी कळायची. रेडिओवर कोणी यमन सुरू केला की षड्जावरचं, म्हणजे 'सा'वरचं थांबणं किती भक्कम आहे, तीव्र मध्यमाला कसा हात घातलाय, सगळं आपसूक टिपलं जायचं. इतक्या वर्षांच्या शिकण्याने कान तयार झाला होता आणि तो शाबूत होता. त्या ऐकण्यातून पुढे मात्र काहीच व्हायचं नाही. पंगतीला बसलोय, पान वाढलंय, कुठली भाजी कशी झालीय हे वासावरून सांगता येतंय, पण भूकच मेलीय, तसं.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि मिरजेला बाईंकडे गाणं शिकते. डिप्रेशनबद्दल जे वाचलं-ऐकलं होतं त्यात रडणं होतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं होतं. माझं तसं काहीच नव्हतं. तास होत होते, पेपर तपासून होत होते, सकाळचे डबे वेळेवर भरले जात होते. झोप मात्र पहाटे चारच्या सुमाराला मोडायची आणि मग उजाडेपर्यंत नुसतं छताकडे बघत पडायचं. कपडे सैल झाले होते. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे. थायरॉईड, बी-12, हिमोग्लोबिन सगळं तपासून झालं आणि सगळं जागेवर निघालं. कामाचा ताण असेल, असं घरात ठरलं.

ते तसं नाही हे गाण्यामुळे उघडं पडलं.

डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याला सवाईला जातो. भीमसेन जोशींनी 1953 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. ते गुरू, सवाई गंधर्व, म्हणजे मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला त्या मांडवात जरा हक्काचं वाटतं. त्या वर्षी संध्याकाळी एका बुजुर्ग गायकांनी मारवा घेतला. मारव्यात षड्जाकडे सहज जायचं नसतं. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, षड्ज आता येईल, आता येईल असं करत लांबवायचं, आणि मग केव्हातरी तो द्यायचा. त्यांनी तो दिला तेव्हा मांडवभर एक उद्गार उठला. माझ्या शेजारच्या अनोळखी बाई डोळ्यांना पदर लावत होत्या. माझ्या डोक्यात आलं: लागला षड्ज, बरोबर लागला. बस, एवढंच.

आणि मग मला भीती वाटली. कित्येक महिन्यांतली ती पहिली ठसठशीत भावना होती. पुत्रशोकातसुद्धा गाण्याने तगून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. माझे वडील गेले तेव्हा मला स्वतःला भैरवीनेच धरून ठेवलं होतं. तीच गोष्ट आता हातातून गेली असेल तर मग उरलं काय, असं वाटून अंगाला कापरं भरलं. परतीच्या गाडीत मी यांना म्हटलं, "अहो, मला गाणं आवडेनासं झालंय." एरवी थट्टेवारी नेणारे हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी आधी एक कागद भरायला दिला. पीएचक्यू-9, नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यातला पहिलाच प्रश्न उदास वाटण्याचा नाही. कुठलीही गोष्ट करण्यात रस किंवा आनंद न वाटण्याचा आहे. उदासीचा प्रश्न दुसरा येतो. मी पहिल्या प्रश्नापुढे खूण केली आणि बराच वेळ तिथेच थांबले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाण्याबद्दल जे सांगताय ते याच प्रश्नात बसतं. डिप्रेशनचं निदान करताना दोन मुख्य लक्षणं बघतात. एक उदासी, दुसरं आनंदच न वाटणं. दोन्हींपैकी एक असलं आणि बाकीची लक्षणं जोडीला असली, तरी निदान होतं. न रडताही डिप्रेशन असू शकतं." आनंद न वाटण्याच्या या लक्षणाला ॲनहेडोनिया म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. आपल्याला झालेल्या गोष्टीला वैद्यकात जागा आहे, हे ऐकूनच मला बसायला जरा आधार मिळाल्यासारखं झालं.

गोळी सुरू झाली. दोन ते चार आठवडे काही वाटणार नाही, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त लागतील, तोपर्यंत मनाने बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं. त्या वाट बघण्याच्या दिवसांत मी वाचायला लागले. जीवशास्त्राच्या बाईला आपल्या मेंदूत काय बिघडलंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि चैन पडत नाही हेसुद्धा त्या दिवसांत माझ्या दृष्टीने चांगलंच लक्षण होतं.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी 2001 साली केलेला प्रयोग पहिल्यांदा हाती लागला. ज्या संगीताने हमखास अंगावर काटा येतो असं संगीत त्यांनी प्रत्येकाला स्वतःच आणायला सांगितलं आणि ते ऐकवताना मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं, म्हणजे कुठला भाग किती जागा आहे ते दाखवणारी तपासणी. काटा येताना मेंदूतले तेच भाग जागे होत होते जे अन्नाने, शरीरसुखाने, व्यसनी पदार्थांनी जागे होतात. पोटात घातल्याशिवाय, हाताला लागल्याशिवाय निव्वळ हवेतल्या कंपनांनी हे घडतं. यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. एकाने आणलेलं संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवलं जात होतं. एकाच्या अंगावर काटा आणणारा तुकडा दुसऱ्याकडे नुसता तुलनेचा तुकडा ठरत होता.

त्यांच्याच गटातल्या वॅलोरी सलिमपूर यांनी 2011 साली पुढचं पाऊल टाकलं. संगीताच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं हे त्यांनी दाखवलं, आणि ते दोन टप्प्यांत सुटतं हेही दाखवलं. आवडता क्षण यायच्या आधी, त्याची वाट बघताना, कॉडेट नावाच्या भागात. प्रत्यक्ष तो क्षण आला की न्यूक्लिअस अक्युम्बन्समध्ये. हे वाचताना मी वही मिटली आणि खोलीत फेऱ्या मारल्या. कारण हे आमचंच गाणं आहे. मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ उचलून समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे जाणं म्हणजे वाट बघणं, आणि सम म्हणजे तो क्षण. मारव्यातला लांबवलेला षड्ज म्हणजे दुसरं काय? शेकडो वर्षं आपल्या गवयांनी ऐकणाऱ्याच्या वाट बघण्यावर काम केलंय. माझ्यात सवाईच्या मांडवात बिघडलं होतं ते हेच. मी वाटच बघत नव्हते. षड्ज आला तेव्हा तो कोणाकडेच आला नव्हता.

बार्सिलोनातल्या एका गटाने 2019 साली हे आणखी सरळ तपासलं. 27 जणांना वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक डोपामिन वाढवणारी लेव्होडोपा, एक त्याला अडवणारी रिस्पेरिडोन, आणि एक औषध नसलेली. गाणी ऐकवली. लेव्होडोपाच्या दिवशी आनंद जास्त, रिस्पेरिडोनच्या दिवशी कमी. गाणं चांगलं असणं, कान चांगला असणं आणि आनंद होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही. डिप्रेशन झालेल्या माणसांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवून केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यातही निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूचे हे आनंदाचे भाग कमी पेटलेले दिसले. म्हणजे माझं मन कोतं झालं नव्हतं, श्रद्धा आटली नव्हती, रियाजाचं पुण्य संपलं नव्हतं. कानापासून आनंदापर्यंतची वाट मंदावली होती.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण घरी येणारी-जाणारी माणसं. "तू तर गाणारी. तुला कसलं डिप्रेशन? छान गाणी ऐक, मन रमेल." प्रत्येकाने हे प्रेमानेच सांगितलं. पण ज्याची आनंद घ्यायची यंत्रणाच मंदावली आहे त्याला आनंदाची वस्तू हातात देऊन 'घे आनंद' म्हणणं क्रूर आहे. दर वेळी गाणं लावायचं, काहीच न होणं अनुभवायचं आणि आणखी एकदा खात्री करून घ्यायची की आपण संपलो. मोबाईलवर याद्याही यायच्या. निद्रानाशाला अमका राग, रक्तदाबाला तमका, नैराश्याला अमुक वेळेचा तमुक. माझं मत स्पष्ट आहे. राग म्हणजे गोळी नव्हे. एकाच्या अंगावर काटा आणणारं संगीत दुसऱ्याला तसं लागत नाही, हे 2001 सालच्या त्या प्रयोगात दिसतंच. बालपण, गुरू, घर, भाषा या सगळ्यातून आपलं एखाद्या सुराशी नातं जुळतं. ते यादीतून येत नाही. आणि ज्याला उपचारांची गरज आहे त्याला यादी धरवून उपचारांपासून लांब ठेवणं तर धोक्याचंच.

घरात एकाच माणसाने वेगळं केलं, आमच्या सासूबाईंनी. त्यांना या आजाराचं नावही नीट येत नाही. त्यांनी रोज सकाळचा आपला रेडिओचा कार्यक्रम माझ्यासाठी बंद केला नाही आणि माझ्यासाठी मोठाही केला नाही. "तुला नको असेल तर सांग हो," एवढंच एकदा विचारलं आणि मग रेडिओ आपल्या जागी वाजत राहिला.

झोप आधी सुधारली. मग भूक. मुलीने एक दिवस काहीतरी सांगितलं आणि मी हसले, ते तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही. पण गाणं तसंच कोरडं. मी डॉक्टरांना ते सांगितलं. सांगताना मला संकोच वाटत होता. इतकं बरं वाटायला लागलंय, झोप आहे, जेवण आहे, आणि ही बाई गाण्याची तक्रार करतेय असं त्यांना वाटेल की काय. त्यांनी उलट पेन खाली ठेवलं आणि नीट विचारलं: आजाराआधी कसं होतं, गोळी सुरू झाल्यावर आणखी बोथट झालं का, दुःखही बोथट वाटतं का. त्यांनी सांगितलं की आनंदाचं लक्षण बऱ्याचदा सगळ्यात शेवटी मागे हटतं, आणि काही जणांना या गटातल्या औषधांनी भावनाच सपाट झाल्यासारख्या वाटतात. दोन्हींपैकी काय आहे ते बघावं लागेल. काही आठवडे थांबून त्यांनी औषधात बदल केला. तो त्यांनी केला, मी नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'गोळीने गाणं जातं' एवढंच अर्धं वाक्य घेऊन कोणी आपली गोळी बंद केली तर ते फार महाग पडेल.

त्यांनी मला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडेही पाठवलं. त्यांनी वही करायला लावली. दिवसात जे करायचं ते लिहायचं, त्यापुढे तीन रकाने. करायच्या आधी: किती आनंद वाटेल असं वाटतंय. केल्यानंतर: किती वाटला. आणि शेवटचा: किती जमलं. शून्य ते दहा. पहिल्या पानांवर 'जमलं' सोडून बाकी रकाने शून्यांनी भरलेले आहेत. मी त्यांना म्हटलं, गाणं या वहीत नको. त्या म्हणाल्या, "गाऊ नका. ऐकूही नका. गाण्याच्या आसपासचं एखादं हाताचं काम सांगा." मी म्हटलं, तंबोरा पुसणं. ते लिहिलं गेलं: तंबोरा गवसणीतून काढून पुसणे. आधी 0, नंतर 1, जमलं 4.

तो 1 मी पुन्हा पुन्हा बघत होते. अंदाज शून्याचा होता आणि मिळालं होतं एक. पुढच्या पानांवर हेच होत गेलं. आधीचा रकाना जवळजवळ कायम नंतरच्या रकान्यापेक्षा कमी. म्हणजे थोडासा आनंद होत होता, पण होईल असं वाटत मात्र नव्हतं. केंट बेरिज यांनी मिशिगन विद्यापीठात उंदरांवर केलेले प्रयोग मला तेव्हा आठवले. डोपामिन काढून घेतलेल्या उंदराच्या तोंडात साखर घातली तर तो ओठ चाटतो, त्याला ती आवडते. पण साखर समोर ठेवली तर तो तिच्यापर्यंत जात नाही. आवड आणि ओढ यांचे मेंदूतले रस्ते निरनिराळे आहेत. माझी ओढ गेली होती. म्हणून ओढ वाटायची वाट न बघता उठायचं, हेच त्या वहीचं म्हणणं होतं.

बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या सत्तरीच्या आहेत, मिरजेच्या जुन्या वळणाच्या, आणि त्यांनी मला 'गा' असं एकदाही म्हटलं नाही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मुली गातायत आणि तंबोऱ्याला कोणी नाही. मशीनवर मला चालत नाही, तुला माहितीय. तू येऊन बस." माझ्याकडून गाण्याची, आनंदाची, प्रगतीची कसलीच अपेक्षा नसलेलं ते काम होतं. मी गेले.

तंबोरा लावणं हे ज्यांनी केलं नाही त्यांना ते किती वेळखाऊ आहे याची कल्पना येणार नाही. पहिली तार पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, शेवटची खर्जाची, खालच्या षड्जाची. खुंटी पिळून तार जवळ आणायची, मग घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खालच्या अंगाचा मणी सरकवून बारीक मिळवायची. चारही तारा मिळाल्या तरी तंबोरा बोलत नाही. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, जवारीचा. तो बोटाच्या पेराने केसभर पुढे, केसभर मागे करायचा. एका जागेवर तार एकदम उघडते, तिच्यातून झणकार सुटतो, आणि त्या जागेच्या जरा पलीकडे गेलात की पुन्हा मिटते. चारही तारा उघडल्या आणि नीट मिळालेल्या असल्या की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कोणी वाजवत नाही. तारेचा पाचवा हार्मोनिक असतो तो, मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारा वरचा सूर. मिरजेत हे तंबोरे ज्या गल्लीत बनतात तिथले कारागीर जवारी काढताना घोडी घासून घासून याच गोष्टीचा शोध घेत असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तर मी तंबोरा लावला, गंधार ऐकू आला, आणि मला काही झालं नाही. पण हात चालू राहिले. मध्यमा, तर्जनी, तर्जनी, तर्जनी. पुढच्या मुलीचा आवाज माझ्या आधारावर उभा होता, म्हणून थांबता येत नव्हतं. वहीत 'जमलं' खाली त्या दिवशी 7 लिहिलं. मी दर आठवड्याला जायला लागले.

नंतर वाचताना कळलं की बाईंनी नकळत जे केलं त्याच्या जवळपासचं काहीतरी उपचार म्हणून तपासलं गेलं आहे. फिनलंडमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिप्रेशनच्या 79 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिले. त्यात रुग्णाने नुसतं ऐकायचं नव्हतं. थेरपिस्टबरोबर बसून स्वतः वाद्य वाजवायचं होतं, मनाला येईल ते. तीन महिन्यांनंतर त्यांच्यात जास्त सुधारणा दिसली. 2017 साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा नऊ अभ्यासांचा, 421 माणसांचा, एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचारांची जोड दिली तर निदान थोड्या काळापुरता तरी जास्त फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष. जोड दिली तर, हे शब्द मी अधोरेखित करून ठेवलेत.

ओढ परत आली ती तंबोऱ्याच्या मागे बसलेली असताना, आणि मला वाटलं होतं त्या रूपात नाही. एक मुलगी भीमपलासातला ख्याल म्हणत होती, विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल संथ लयीत. चार आवर्तनं झाली, पाचवं सुरू होतं. तिने मुखडा उचलला. तबल्यावर धागे तिरकिट धी ना पुढे सरकत होतं, आणि ती समेवर अर्धी मात्रा उशिरा आली. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अगं, सम!" मुलगी दचकली. तबलजींनी मान वर केली. बाई म्हणाल्या, "पुन्हा घे," आणि मुलीने पुन्हा घेतलं. मी तारा छेडत होते आणि माझं हृदय धडधडत होतं. मला राग आला होता. चिडचिड झाली होती. सम चुकली याचा राग यायला आधी समेची वाट बघावी लागते! मी वाट बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. दुसऱ्या वेळी ती बरोबर आली तेव्हा माझे खांदे सैल पडले. आनंद म्हणावं असं ते नव्हतं, पण सवाईच्या मांडवात जे हरवलेलं दिसलं होतं त्याचा पहिला अर्धा भाग मिरजेच्या त्या खोलीत सापडला होता.

घरी येऊन वहीत मी त्या दिवसाचा आधीचा आकडा पाहिला, 2. नंतरच्या रकान्यात 5 लिहिलं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, रागाचे पाच कसे? मी त्यांना सम समजावून सांगण्यात बराच वेळ घालवला, आणि ती सांगताना मला मजा येत होती हे त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं.

अंगावर काटा येणं त्यानंतर काही काळाने आलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी पोळ्या लाटताना सासूबाईंच्या रेडिओवर ललत लागला होता, दोन मध्यमांच्या जागेवर हाताला काटा आला, मी तो पाहिला, पोळी करपली.

एक गोष्ट अधल्यामधल्या काळाची. थोडं बरं वाटायला लागल्यावर मी रात्री उशिरा करुण रसाचं ऐकायला लागले, तेच तेच, परत परत. डॉक्टरांनी यावर बंदी घातली नाही. त्यांनी एकच प्रश्न दिला: ऐकून झाल्यावर दहा मिनिटांनी हलकं वाटतं की जड? जड वाटत असेल आणि डोक्यात तोच विचार गोल फिरत असेल तर ते ऐकणं नाही, ते आजाराला खतपाणी आहे. मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर रागागणिक नाही, तासागणिक वेगळं मिळालं. संध्याकाळी तोच मुलतानी हलकं करायचा आणि मध्यरात्री रेकॉर्डिंग लावलं तर जड. मध्यरात्रीचं ऐकणं मी बंद केलं.

संशोधन पुढे जातंय. शांघायच्या डॉक्टरांनी 2024 साली 13 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्याच औषधाला दाद न देणारं डिप्रेशन असलेले हे रुग्ण, उपचारांसाठी त्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले. त्यामुळे संगीत ऐकताना मेंदूच्या आत काय चाललंय ते थेट मोजता आलं. ज्यांना संगीताचा जास्त फायदा झाला त्यांच्यात ऐकण्याचा भाग आणि आनंदाच्या वर्तुळातले भाग एका लयीत आलेले दिसले. संगीत आनंदी की दुःखी यापेक्षा ते त्या माणसाला किती भावलं, याला महत्त्व होतं. तेरा माणसं म्हणजे फार थोडी, आणि ती अतिशय गंभीर आजाराची. त्यावरून माझ्यासारखीला उपाय काढता येणार नाही. पण 'एका लयीत आले' हे वाचून मला बाईंची खोली आठवली, हे खरं.

माझं औषध अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने ते घ्यावं लागतं, नाहीतर आजार उलटतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ज्यांच्या गावात मनोविकारतज्ज्ञ नाहीत त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, आणि तिथे मराठीत बोलता येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला मी तोच क्रमांक दिला. तिच्या मुलाने हेडफोन टाकून दिले होते आणि ती मला सांगत होती, बरं झालं मॅडम, आता अभ्यासाला लागेल. मी तिला आधी विचारलं, त्याला खेळायला जावंसं वाटतं का, आवडीचं खावंसं वाटतं का. ती गप्प झाली.

यंदा ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या संगीत सभेला आम्ही दोघं गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांचं दफन याच आवारात आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ इथे गवई येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही, मांडी घालून बसायचं. पहिल्या गायिकेने पूरिया असा काही मांडला की मी यांचा हात घट्ट धरून बसले होते. त्यानंतर एक तरुण गायक बसला. तयारी भरपूर, आवाज मोठा, पण बंदिश सुरू होते न होते तोच ताना. प्रत्येक आवर्तनात ताना, समेवर येऊन टाळी घेण्यासाठी ताना. मला ते आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही. आजारपणात सगळं गाणं एकाच पातळीवर सपाट पडलेलं होतं. चांगलं आणि सुमार हा फरक बुद्धीला कळायचा, पण सुमार गाण्याने काही बिघडायचं नाही. या वेळी बिघडत होतं. मी अस्वस्थ होऊन चुळबुळ करत होते.

सांगलीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, "त्याला वाट बघायला लावताच येत नाही." हे म्हणाले, "अगं, तरुण आहे, पब्लिक खूश होतं, काय तयारी होती त्याची!" मी म्हटलं, तयारी म्हणजे गाणं नव्हे. त्यांनी मला दोन जुन्या गवयांची उदाहरणं दिली, मी त्यांना त्याच गवयांची उलट उदाहरणं दिली. विश्रामबागेच्या सिग्नलला थांबलो तरी वाद चालूच होता, आणि घरी येऊन त्यांनी मोबाईलवर त्या मुलाचं जुनं रेकॉर्डिंग शोधून मला ऐकवलं. ते मात्र बरं होतं, विलंबित तरी. द्रुत ऐकून झाल्यावर मी माझं मत बदललं नाही.